खरं सांगायची वेळ

मी झाशीची आहे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी घोडा उभा राहतो. मुंबई विमानतळावर पुण्या-नाशकाची मंडळी बॅगा घेऊन रांगेत असतात, मी यादीवर खुणा करत असते, आणि कुणीतरी काकू विचारतातच, “मूळच्या कुठल्या हो तुम्ही?” झाशीचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं. मग मी सांगते की आमच्या घरात तलवार नाही, वडील रेल्वेत होते आणि मी आजवर घोड्यावर बसलेली नाही. सगळे हसतात, पण मनातलं चित्र जागचं हलत नाही. टूर मॅनेजरचं कामच अशा चित्रांशी असतं. माणसं पैसे साठवून, रजा जुळवून, मनात एक चित्र पक्कं करून येतात. ते चित्र आणि समोरची जागा यांच्यात जे अंतर पडतं, ते सांभाळायला आम्हाला पगार मिळतो.

हे काम मी झाशीत शिकले. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर 1742 च्या सुमारास इथे आले, पुढे नेवाळकर आले आणि त्यांच्याबरोबर कोकण-देशावरची घरं बुंदेलखंडात रुजली. झाशीच्या राणीचं लग्न 1842 साली ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथे गणपतीत आजही आम्ही मराठी घरं जमतो. घरात मराठी, अंगणात बुंदेली, शाळेत हिंदी आणि सीझनमध्ये इंग्रजी. सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. दिल्लीहून शताब्दीने उतरणारे परदेशी पाहुणे स्टेशनवरूनच ओरछा-खजुराहोच्या गाडीत बसायचे. किल्ल्यासाठी वेळ काढून यायची ती महाराष्ट्रातली मंडळी. पायऱ्यांना हात लावून नमस्कार करणारी, ‘कडक बिजली’ तोफेपाशी मुलांचे फोटो काढणारी आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारणारी, “राणीने उडी मारली ती जागा कुठे?”

ती जागा किल्ल्यावर आहे, तिथे तशी पाटीही आहे. तटाच्या त्या टोकावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. 4 एप्रिल 1858 च्या रात्री राणी दत्तक मुलाला घेऊन घोड्यावरून बाहेर पडली, इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या वेढ्यातून निसटली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या उडीचा. इतिहासाची पुस्तकं बहुधा भांडेरी दरवाजाचं नाव घेतात. मग पाटीपुढे उभ्या राहिलेल्या, डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला काय सांगायचं?

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या वयस्कर गाइडना सगळे मास्टरजी म्हणत. त्यांची पद्धत मला आधी विचित्र वाटायची. तिकीट खिडकीपाशी, चढण सुरू व्हायच्या आधी, ते सगळ्यांना सावलीत उभं करायचे आणि बोलायचं ते तिथेच बोलून घ्यायचे. 1613 मध्ये ओरछ्याच्या वीरसिंह देवांनी किल्ला बांधला, मग मराठे, मग 1854 साली इंग्रजांनी संस्थान खालसा करणं, मग वेढा, आणि शेवटी उडी. लोककथा काय म्हणते, पुस्तकं काय म्हणतात, दोन्ही शांतपणे. वर गेल्यावर मात्र मास्टरजी जवळजवळ गप्प. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “जो कहना है, नीचे कह दो. ऊपर आदमी को देखने दो.”

पाटीपुढे उभं करून “हे काही खरं नाही हं” म्हणणारा गाइड माणसाच्या हातातला घास काढून घेतो. हॉटेलवर परतल्यावर सांगणारा त्याला फसवलेला वाटायला लावतो. न सांगणारा तर फसवतोच. खरं सांगायला चढण सुरू व्हायच्या आधीसारखी वेळ नाही. गाइडच्या कामातलं कसब मला तरी या वेळेत दिसतं. मास्टरजींचं ते वाक्य माझ्या किती कामी येणार आहे, हे कळलं मात्र झाशीपासून चव्वेचाळीस अक्षांश उत्तरेला गेल्यावर.

पुढे मी एका टूर कंपनीत लागले. आधी उन्हाळ्यातलं युरोप केलं आणि मग नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या नोव्हेंबरच्या सहली माझ्याकडे आल्या. मराठी माणूस दिवाळी आटोपून, फराळाचे डबे बॅगेत भरून ‘नॉर्दर्न लाइट्स’ बघायला निघतो तो हा मोसम. बर्गनहून संध्याकाळी जहाज सुटतं आणि रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचतं ते सातव्या दिवशी सकाळी. वाटेत चौतीस बंदरं. काही ठिकाणी चार तास, काही ठिकाणी पंधरा मिनिटं, कधी मध्यरात्री. डेकवर पाहुणे दुर्बिणी लावून उभे असतात आणि खाली त्याच जहाजातून गावोगावचा माल चढत-उतरत असतो. जहाजावर एक्स्पिडिशन टीम असते. ती भूगोल, पक्षी, ताऱ्यांवर व्याख्यानं देते आणि हवा बरी असेल तर छोट्या बोटींतून फेरी काढते.

हा मार्ग सुरू झाला तोच अंधाराशी झगडत. 1893 साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘व्हेस्टेरोलेन’ ही आगबोट त्रोन्हाइमहून हामरफेस्टला नेली. त्याआधी उत्तरेकडच्या गावांना हिवाळ्यात पत्र मिळायला महिने लागत, कारण खडकाळ किनाऱ्यावर रात्री जहाज हाकायला कुणी तयार नसे. विथ आणि त्याचा वाटाड्या यांनी वर्षानुवर्षं वहीत टिपणं ठेवली होती, या दिशेने या वेगाने इतकी मिनिटं, मग वळायचं. होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर त्यांनी काळोखात जहाज नेलं. हे मी पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांना सांगते. काळोखाबद्दल लोकांना थोडा आदर वाटायला लागला की पुढचे दिवस सोपे जातात.

कारण नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर काळोखच जास्त. महिन्याच्या मध्याला त्रोम्सोला सूर्य तीन-चार तास वर असतो आणि तोही क्षितिजाला घासत. महिना संपताना तो उगवायचाच थांबतो. झाशीत मे महिन्यात सकाळी दहानंतर रस्त्यावर सावली शोधत चालणारी मी, इथे दुपारी दोन वाजता दिवे लागलेले बघते. पाहुण्यांची झोप बिघडते. काही जण दुपारीच रात्रीचं जेवण मागतात. वेस्टफ्योर्ड ओलांडताना उघड्या समुद्रावर जहाज डोलतं. तेव्हा मी आल्याच्या वड्या आणि गोळ्या घेऊन केबिनमागून केबिन फिरत असते. बंदरावर बर्फ गोठलेला असतो, म्हणून बुटांना काटे लावून घ्यायचे. वयस्कर काकांना वाकता येत नाही, मग त्यांचे मी लावते. जैन पाहुण्यांसाठी रोज सकाळी मुदपाकखान्यात जाऊन बटाट्याचं काय केलंय ते बघायचं. आणि प्रत्येक बंदरावरून परतताना मोजणी करायची. दारावर कार्डाचा आवाज होतो, तरी मी माणसं डोळ्यांनी मोजते. ठरलेल्या वेळी जहाज निघतं, कुणासाठी थांबत नाही.

पण ही सगळी हातापायांची कामं. खरं काम रात्रीच्या जेवणाआधीच्या अर्ध्या तासात होतं. तेव्हा मी आमच्या गटाला एका कोपऱ्यात बसवते आणि दुसऱ्या दिवशी काय दिसेल ते सांगते. त्याआधी सांगते, काय दिसणार नाही.

ट्रोलफ्योर्ड घ्या. ब्रोशरच्या मुखपृष्ठावर हमखास तोच असतो, दोन्ही बाजूंना सरळ चढलेले कडे आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यात आमच्यासारखंच जहाज. तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद, लांबी दोनेक किलोमीटर. पण ते चित्र उन्हाळ्यातलं. हिवाळ्यात कड्यांवरून बर्फ आणि दगड कोसळायची भीती, म्हणून मोठी जहाजं आत शिरत नाहीत. उत्तरेकडे जाताना आम्ही तिथे पोचतो ते रात्री. जहाज तोंडाशी थांबतं, दिव्याचा झोत कड्यावर फिरतो, ओला काळा दगड आणि त्यावरचं बर्फ उजळतं आणि जहाज वळतं. आधी सांगितलेलं नसेल तर डेकवर एकच वाक्य ऐकू येतं, “आत नाही नेणार?” सांगितलेलं असेल तर लोक झोताच्या मागे मान वळवत राहतात आणि आत न शिरताही तो कडा किती उंच आहे हे त्यांना कळतं.

लोफोटेनला मासे वाळवायच्या लाकडी मांडवांचंही तेच. कॉड मासा बॅरेंट्स समुद्रातून तिथे येतो जानेवारीपासून, मग तो टांगतात. नोव्हेंबरात मांडव रिकामे, नुसते वासे. उलट उत्तरेकडच्या फ्योर्डांत त्याच दिवसांत हेरिंग माशांचे थवे असतात आणि त्यांच्यामागे ओर्का. श्येर्व्योच्या बाजूला त्यांचे काळे पर पाण्यातून वर येतात. तेव्हा ज्याने मांडवांची आशा सोडलेली असते त्याचे डोळे पाण्याकडे असतात.

सगळ्यांत अवघड अर्थात तो प्रकाश, नॉर्दर्न लाइट्स. लोकांनी पाहिलेले फोटो हिरवेगार असतात, आभाळभर पडदे फडफडतायत असे. तो हिरवा खोटा नाही. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने वरच्या वातावरणावर येऊन आदळतात. साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा पेटतो, त्याहून उंचावरचा लाल. पण अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा तीन-चार सेकंद प्रकाश साठवत राहतो, डोळ्याला ते जमत नाही. त्यामुळे प्रकाश मंद असेल तेव्हा डोळ्यांना दिसतो तो एक करडा, किंचित हिरवट पट्टा. जोरात असेल तेव्हा रंगही दिसतो आणि नाचही. पण ते आपल्या हातात नाही. या किनाऱ्यावरची एक जुनी जहाज कंपनी हिवाळ्यातल्या पूर्ण फेरीत प्रकाश दिसलाच नाही तर दुसरी सहल फुकट द्यायचं वचन देते. ते वचन प्रकाश दिसण्याचं आहे. तो फोटोसारखा दिसेल असं त्यात म्हटलेलं नाही, आणि ते सांगायचं काम माझं.

मी ते बर्गन सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगते, प्रकाश दिसायची शक्यता सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. म्हणते, पहिल्यांदा दिसेल तेव्हा तुम्हाला तो ढग वाटेल. आधी फोन त्याच्याकडे धरा. फोनमध्ये हिरवं आलं तर ढग नव्हे. मग फोन खिशात टाका आणि वीस मिनिटं कुठल्याही पडद्याकडे बघू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. प्रकाशाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपमधल्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका. आपण त्या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच आहोत, आपला शत्रू आकडा नाही, ढग आहे. कठड्याला टेकून काढलेला फोटो हलतो, कारण अख्खं जहाज इंजिनाने थरथरत असतं, म्हणून फोन हातात धरा, कोपर पोटाशी.

एका सहलीत इंदूरचे एक काका होते, प्रश्न विचारणारे. मे 2024 मध्ये सूर्यावरच्या वादळामुळे लडाखच्या हान्लेला लाल प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला होता, ती बातमी त्यांनी कापून आणली होती. म्हणाले, “मॅडम, लडाखात दिसतो तर इतक्या लांब कशाला आणलंत?” मी म्हटलं, “काका, तिथे तो असं मोठं वादळ असेल तेव्हाच दिसतो, आणि तेव्हाही टिपला कॅमेऱ्यांनीच. इथेसुद्धा पहिला पट्टा तुमच्या आधी कॅमेराच बघेल.” त्यांना ते पटलं नाही. रात्री केबिनमधल्या भोंग्यावर घोषणा झाली तेव्हा स्वेटरावर स्वेटर चढवून वर येणारे पहिले तेच. करडा पट्टा बघून शेजारचे नाशिकचे काका म्हणाले, “हा तर ढग.” त्यावर इंदूरच्या काकांनी त्यांना फोन धरायला लावला, पेशी समजावल्या, पडदा बंद करायला लावला. मी मागे उभी राहून ऐकत होते. आदल्या दिवशी सांगितलेलं आता दुसऱ्याच्या तोंडून निघत होतं आणि मला बोलायची गरजच उरली नव्हती.

2024 मध्ये त्रिपुरी पौर्णिमा 15 नोव्हेंबरला आली. त्या दिवसांत आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच वर असलो तर पौर्णिमेच्या सुमाराचा चंद्र मावळतच नाही, गोल फिरत आभाळात राहतो. चांदण्यात मंद प्रकाश बुडून जातो, म्हणून सहल विकताना या तारखा सहसा टाळतात. आमच्या गटाला त्या टाळता आल्या नाहीत. मी आधीच सांगून टाकलं की दोन-तीन रात्री चंद्रच बघायचा आहे. जहाजावर ज्योत पेटवायला बंदी, पण एका काकूंनी सेलवरच्या पणत्या आणल्या होत्या. त्या टेबलावर मांडल्या, चिवडा-लाडू झाले. बाहेर चंद्राने दोन्ही किनाऱ्यांवरचे बर्फाचे डोंगर वाचता येतील इतके उजळले होते. प्रकाशासाठी आलेल्या माणसांनी फ्योर्ड नीट पाहिला तो त्या रात्री. चंद्राला शिव्या घालत बसलेला दुसरा एक गट त्याच जहाजावर होता. तो आत बारमध्ये होता.

मग नॉर्डकाप. होन्निंग्सवोगहून बस निघते. हिवाळ्यात शेवटचा तुकडा बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागे, रांगेने पार करावा लागतो. समोर 307 मीटरचा कडा, लोखंडी पृथ्वीगोल, खाली आर्क्टिक समुद्र. इटलीचा फ्रांचेस्को नेग्री हा पाद्री 1664 मध्ये इथे नुसतं बघायला पोचला, तेव्हापासून माणसं युरोपचं उत्तर टोक बघायला येतात. फक्त ते टोक नाही. शेजारचंच क्निव्श्येलोड्डेन नावाचं बुटकं भूशीर समुद्रात आणखी दीडेक किलोमीटर उत्तरेला शिरलंय. शिवाय दोन्ही आहेत एका बेटावर, युरोपच्या मुख्य भूमीचं टोक पूर्वेला भलतीकडेच. पण क्निव्श्येलोड्डेनला कडा नाही, गोल नाही, रस्ता नाही. माणसाने टोक म्हणून निवडलं ते टोकासारखं दिसणारं.

पाटीची जागा आणि भांडेरी दरवाजा यांचं नातं मला तिथे पुन्हा भेटलं. मी ते बसमध्ये सांगते, चढण सुरू व्हायच्या आधी. गोलाखाली उभं राहून कधीच नाही.

आमच्या कंपनीत याबद्दल माझी चेष्टा होते. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं, की तू दुकानात उभी राहून मालाची खोट दाखवतेस. लोकांना स्वप्न विकत घ्यायचं असतं, घेऊ दे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. काही पाहुण्यांचे चेहरे माझं बोलणं ऐकून पडतात, आणि सहलीच्या शेवटी भरायच्या कागदावर एखादी तक्रारही येते की मॅडम उत्साह कमी करतात. पण ज्याचा चेहरा जेवणाआधी पडला त्याच्याकडे तो सावरायला अख्खी रात्र असते. शून्याखालच्या थंडीत, डेकवर, बायको-मुलांसमोर पडलेला चेहरा सावरायला त्याच्याकडे काहीच नसतं.

आणि खरं कळल्यावर माणसाची श्रद्धा वा आनंद पळून जातो, हा समजही मी झाशीतच सोडला. साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. खाली सावलीत त्यांनी मास्टरजींचं सगळं ऐकलं, भांडेरी दरवाजासकट. वर पाटीपाशी गेल्या, वाकून चिमूटभर माती उचलली आणि नातवाच्या कपाळाला लावली. नातू म्हणाला, “आजी, आत्ताच तर सांगितलं ना, उडी नव्हती म्हणून.” आजी म्हणाल्या, “उडी मारली असेल नसेल. या तटावर उभी तर राहिली असेल ना?” राणी त्या तटावर उभी राहिली होती याबद्दल कुठल्याही इतिहासकाराची तक्रार नाही. आजींनी ऐकलेल्या गोष्टीतून जे टिकतं ते स्वतःच उचललं होतं. नॉर्डकापलाही असं होतं. टोक नाही हे माहीत असलेली माणसं गोलाखाली फोटो काढतात, आणि काढताना समुद्राकडे जास्त बघतात.

एक पथ्य मी यात आणखी घातलंय. वर गेल्यावर कुणी थेट विचारलंच, तर उत्तर द्यायचं, तिथल्या तिथे, एका वाक्यात, खरं. “हाच तो हिरवा का?” “कॅमेऱ्यात हिरवा, डोळ्यांना इतकाच.” बस्स. त्यापुढचं भाषण रात्रीसाठी राखून ठेवायचं. आणि जे मला माहीत नाही, उद्या ढग असतील का, बोट सुटेल का, ते तर पहिल्याच दिवशी माहीत नाही म्हणून सांगून टाकायचं. टूर मॅनेजरला हवामान कळतं असा पाहुण्यांचा एक गोड समज असतो. तो जितका लवकर मोडेल तितकं माझं आणि त्यांचं नातं सुधारतं.

आता उन्हाळ्यात घरी आले की झाशीत गाइडचं काम शिकणारी काही मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांची तयारी पक्की असते. सनावळ्या पाठ, तोफांची नावं पाठ, समूहाला कुठे उभं करायचं तेही माहीत. मी त्यांना किल्ल्याच्या तिकीट खिडकीपाशी नेते आणि एकच काम देते. आज वर गेल्यावर पाहुण्यांना काय काय दिसणार नाही, त्याची यादी करा, आणि ती इथेच, पायरी चढायच्या आधी, कुणाचं मन न मोडता सांगून दाखवा. पहिल्या दिवशी एकालाही जमत नाही. दाखवायच्या गोष्टी सगळ्यांना येत असतात.